अबईच्या बिया आणि गिरिजाबाईंचं बोट

चारुलता आगाशे सव्वीस वर्षांची झाली, त्या वर्षी कॉलेजातले लोक तिला पाहून हात लपवू लागले. व्हरांड्यातून ती येताना दिसली की कारकून मुठी आवळून कोटाच्या खिशात घालायचे. ग्रंथपाल दोन्ही हात रजिस्टरखाली सरकवायचे. एका प्राध्यापकांनी तर भर उन्हाळ्यात हातमोजे घालून पाहिले. चारूच्या खांद्यावरच्या पिशवीत चिनी मातीची एक पांढरी फरशी असे, स्पिरिटचे बोळे असत आणि एका चपट्या डबीत सुया असत. "भैयाजी, बस एक बूँद," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणे की समोरच्याला नाही म्हणायला सुचायचं नाही. सुचेपर्यंत सुई लागून गेलेली असायची.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावन्न सालची. चारू जयपूरच्या एका सरकारी कॉलेजात जीवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. तिचे वडील उमाकांत आगाशे, घरात बापू, केंद्र सरकारच्या हवामान खात्यात होते. "आज आकाश निरभ्र राहील" असा अंदाज स्वतः लिहून आले की दुसऱ्या दिवशी ते न चुकता छत्री घेऊन निघत. आई, सुमित्राबाई, राजापूरकडच्या. बदली झाली तेव्हा त्यांनी भांड्यांच्या आधी बियाण्यांची पुरचुंडी बांधली होती, आणि बनीपार्कातल्या भाड्याच्या बंगलीच्या कुंपणावर पहिल्याच वर्षी अबईचा वेल चढवला होता. हातभर लांब, तलवारीसारख्या शेंगा लोंबू लागल्या तेव्हा शेजारच्या ठाकूरसाहेबांनी कुंपणापाशी उभं राहून, "बहनजी, ये हथियार है या सब्ज़ी?" असं अदबीने विचारलं होतं.

त्याच वेलाने चारूला नादाला लावलं. कोवळ्या शेंगांची भाजी आई सरळ करायची, पण जून बिया करायच्या म्हटलं की त्या भिजवायची, सोलायची, उकडायची, पाणी फेकायची, पुन्हा उकडायची, पुन्हा पाणी फेकायची.

"आई, मतलब, हे पाणी फेकतेस का?"

"पोटात डंख मारतं म्हणून."

"म्हणजे त्यात काय असतं?"

"मला काय विचारतेस? माझी आजी फेकायची. तिला विचारायला हवं होतंस."

आजी काही हाताशी नव्हती. म्हणून चारूने कच्च्या बियांचा अर्क बाटलीत भरून कॉलेजात नेला आणि स्वतःच्या रक्ताच्या थेंबात मिसळून पाहिला. तिने नुकतंच एका मासिकात वाचलं होतं की कुळथाचा अर्क ए गटाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि बाकीच्यांना हातसुद्धा लावत नाही. अबईचं काय होतं पाहावं, एवढंच तिच्या मनात होतं. काडीने ढवळून तिने फरशी हळूहळू डोलवली, आणि मिनिटभरात सारखा दिसणारा लाल थेंब दाणेदार झाला. रव्याच्या शिऱ्यात केशर जास्त पडावं तसा.

झालं. मग तिला सगळ्यांचं रक्त हवं झालं.

प्रयोगशाळेत तिच्या मदतीला नंदकिशोरजी होते. पन्नाशीचे, झुबकेदार मिशांचे, परकोट्यातल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या, एका मंदिरात संध्याकाळी मंजिरे वाजवणारे. बिया ते खलात कुटून देत. पीठ मिठाच्या पाण्यात भिजायचं, मलमलीच्या फडक्यातून गाळलं जायचं, मग त्यात अमोनियम सल्फेट घातलं की प्रथिनं दह्याच्या चोथ्यासारखी वेगळी व्हायची. ती खाली बसवायला हाताने फिरवायचं एक यंत्र होतं, टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेलं. यंत्राचा वेग सारखा राहावा लागतो. नंदकिशोरजी तो भजनाने सारखा ठेवत. एक भजन म्हणजे सात मिनिटं. आरती म्हटली तर वेग वाढायचा आणि नळी फुटायची, म्हणून चारूने आरतीला बंदी घातली होती. शेवटी तो चोथा पाण्यात विरघळवून सेलोफेनच्या नळीत भरायचा आणि मीठ निघून जावं म्हणून वाहत्या पाण्यात सोडायचा. कॉलेजच्या नळाला पाणी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. तेव्हा नळी एका मोठ्या माठात लोंबायची, आणि नंदकिशोरजी दर दोन तासांनी माठ उपसून भरायचे. पाहुण्याला माठातलं पाणी देऊ नये अशी चिठ्ठी त्यांनी स्वतः लावली होती. चिठ्ठीच्या शेवटी "राम राम" होतं.

अशी दीड वर्षं गेली. अबई कुठला एकच गट निवडत नाही, ए असो, बी असो, ओ असो, सगळ्यांनाच गोळा करते, असं चारूला दिसू लागलं होतं. पण खात्री करायला माणसं कमी पडत होती. कॉलेजातला माणूस आता लांबूनच नमस्कार करून वळायचा.

इकडे आईची निराळी मोहीम चालू होती. जयपूर, अजमेर, ग्वाल्हेर, जिथे जिथे मराठी घरं होती तिथून ती चारूसाठी स्थळं आणत होती. आणि एका रविवारी चारूच्या लक्षात आलं की ज्यांना पळून जाता येत नाही अशी माणसं आपल्याच बैठकीत येऊन बसतात, तीही चार-चारांच्या गटाने.

पहिलं स्थळ विमा कंपनीतलं. मुलाने फरशी पाहून विचारलं, "हे काय, पानाचं तबक?" दुसऱ्याच्या काकांनी बोट दिलं, पण नंतर ते इतके खवळले की पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. तिसरा मुलगा डॉक्टर होता. त्याने आनंदाने रक्त दिलं, उलट चारूचंच मागितलं, आणि दोघांनी पाऊण तास एकमेकांच्या थेंबांकडे पाहिलं. पण त्याला अमेरिकेला जायचं होतं आणि तिथे अबई मिळणार नाही म्हणून चारूनेच नकार दिला. आईने कपाळाला हात लावला. चारूने वहीत लिहिलं : नमुना क्रमांक एकेचाळीस, बी गट, स्पष्ट गुठळ्या.

चौथं स्थळ आलं ते एकोणसाठ सालच्या श्रावणात, तीजेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. अजमेरचे परांजपे. मुलगा माधव, रेल्वेच्या कचेरीत, उंच, गोरा, बोलण्यात बेताचा. सोबत फक्त त्याची आई, गिरिजाबाई. विधवा, ठेंगण्या, भरपूर आवाजाच्या, आणि खुर्चीत अशा बसलेल्या की ती खुर्ची लहानपणापासून त्यांचीच असावी. तीजेचे दिवस, म्हणून आईने पोह्यांबरोबर जौहरी बाजारातून घेवर आणला होता. जाळीदार, पाकात निथळणारा. गिरिजाबाईंनी पोह्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी घेवराचा मोठा तुकडा मोडला, बोटांवरून पाक ओघळू दिला आणि प्रश्न सुरू केले.

"स्वयंपाक येतो?"

"उकडता येतं," चारू म्हणाली. "गाळता येतं."

बापूंनी घाईने पावसाचा विषय काढला. कुणी घेतला नाही.

"आपला गट कोणता?" चारूने विचारलं.

"गोत्र गं, गोत्र विचारतात. आमचं विष्णुवृद्ध."

"नाही, रक्तगट. मतलब, मला एक थेंब हवाय. दुखत नाही."

माधवने तिच्या हातातली सुई पाहिली. "आई," तो म्हणाला. तो बसल्या जागी हळूहळू डावीकडे कलला, जसा सिग्नलचा हात खाली येतो तसा, आणि उरलेल्या घेवरात गाल टेकवून निपचित झाला.

आईने किंकाळी फोडली. बापू कांदा आणायला धावले, तो पोह्यांतलाच घेऊन आले. गिरिजाबाई मात्र हलल्या नाहीत. "असाच आहे तो," त्या म्हणाल्या. "देवीची लस टोचायला आले होते तेव्हा तीन दिवस माळ्यावर होता. तू माझं घे गं. बघू काय करतेस ते."

त्यांनी तर्जनी पुढे केली. गडबडीत चारूही स्पिरिटचा बोळा फिरवायला विसरली. थेंब फरशीवर पडला, त्यावर मिठाचं पाणी, त्यावर अबईचा अर्क. चारूने काडीने ढवळलं, फरशी डोलवली. एक मिनिट झालं. दोन झाली. तीन झाली. थेंब लाल, गुळगुळीत, एकसारखा. एक दाणा नाही.

"नाही होत," चारू पुटपुटली.

"काय नाही होत?"

"तुमचं रक्त गोळा होत नाहीये. सगळ्यांचं होतं. बेचाळीस माणसांत तुमचं एकट्यांचं नाही."

गिरिजाबाईंनी पदर सावरला. "म्हणजे वेगळं आहे माझं."

"फार वेगळं!"

"तरी मी म्हणतच असे," गिरिजाबाई म्हणाल्या.

माधव शुद्धीवर आला आणि मायलेक संध्याकाळच्या गाडीने गेले. लग्नाचा होकार नाही की नकार नाही. पण पुढच्या आठवड्यात अजमेरच्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली होती की गिरिजाबाई परांजप्यांचं रक्त अख्ख्या राजपुतान्यात कुणासारखं नाही. कीर्तनाला त्यांना पहिला पाट मिळू लागला. भाजीवाल्यालासुद्धा त्यांनी सांगितलं. इकडे चारूची झोप उडाली. तिने त्यांना पत्र लिहिलं : आपण पुन्हा एकदा यावे, नमुना फार मोलाचा आहे. गिरिजाबाई शनिवारी हजर. या वेळी मुलाला आणलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी खास खुर्ची मांडली होती. नंदकिशोरजींनी फुलदाणी आणून ठेवली होती. चारूने त्यांचं बोट स्पिरिटने नीट पुसलं, थेंब घेतला, अर्क घातला. मिनिटभरात फरशीवर शिरा तयार.

चारूने दुसऱ्या बोटाचं घेतलं. शिरा. तिसऱ्याचं घेतलं. शिरा.

"म्हणजे... सगळ्यांसारखंच?" गिरिजाबाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"हो."

"असं कसं? मी सगळ्या अजमेरला सांगून बसलेय! तूच काहीतरी घोटाळा केलायस. परवाची सुई आण."

"सुई तीच आहे हो."

"मग त्या दिवशी वेगळं काय होतं ते शोध. माझं रक्त आठवड्याभरात बिघडायला मी काय दूध आहे?"

दोघी बसल्या आणि त्या दिवसाची उजळणी करू लागल्या. पोहे नव्हते खाल्ले. चहा अर्धाच घेतला. माधव पडला. बापूंनी कांदा आणला. गिरिजाबाईंनी कांद्याचा वास घेऊन पाहण्याचा आग्रह धरला, म्हणून नंदकिशोरजी जाऊन कांदाही घेऊन आले. काही उपयोग झाला नाही. मग गिरिजाबाई आपल्याच तर्जनीकडे पाहत राहिल्या.

"अगं, आज तू बोट पुसलंस."

"मग?"

"त्या दिवशी नव्हतं पुसलंस. माझ्या बोटाला घेवराचा पाक होता."

चारू उठून उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. "नंदकिशोरजी," ती ओरडली, "घेवर! जल्दी!"

घेवर आला. गिरिजाबाईंनी बोट पाकात बुडवलं, आणि बाजूचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून खाल्ला. थेंब, अर्क, काडी. तीन मिनिटं तिघांनी श्वास रोखून धरले. फरशीवर एक दाणा नाही.

चारूने त्यांना मिठी मारली आणि फरशी उपडी झाली. गिरिजाबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर शेवटपर्यंत तो डाग होता. नवीन माणसाला त्या तो मुद्दाम दाखवत.

पुढचे काही महिने प्रयोगशाळेला हलवायाच्या दुकानाची कळा आली. साखर, मध, काकवी, ग्लुकोज, दुधातली साखर, एकेक घालून पाहणं सुरू झालं. मधाने गुठळ्या अडत. साखरेचं पाणी घट्ट असलं तर अडत, पातळ असलं तर नाही. ग्लुकोजने अडत. दुधातल्या साखरेने मुळीच अडत नसत. गॅलॅक्टोजने, जी दुधाच्या साखरेचा अर्धा भाग असते, तिनेही नाही. मॅनोज नावाच्या साखरेची चिमूटभर बाटली परदेशातून मुंबईमार्गे यायला अकरा महिने लागले, आणि ती सगळ्यांत जोरकस ठरली. चारूने गिरिजाबाईंना समजावून सांगितलं : बियांतलं हे प्रथिन साखरेला धरतं. आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेचे तुरे असतात. प्रथिन एका हाताने या पेशीचा तुरा धरतं, दुसऱ्या हाताने त्या पेशीचा, म्हणून गुठळी होते. आधीच हातात पाक भरला, तर धरणार कशाने? अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणायचं, म्हणजे निवडून घेणारं, असं नाव नुकतंच निघालं होतं.

"निवडून घेणारं," गिरिजाबाई म्हणाल्या. "माधवनेही एकोणीस मुली निवडून सोडल्यात. त्याला म्हण की लेक्टिन."

त्या महिन्यातून दोनदा येऊ लागल्या होत्या. सकाळच्या गाडीने अजमेरहून, हातात डबा, आणि थेट प्रयोगशाळेत. बिया सोलण्यात त्यांचा हात नंदकिशोरजींपेक्षा जलद चाले. यंत्र फिरवायचं झालं तर त्या भजनाऐवजी रामरक्षा म्हणत, पण ती त्यांना सहा मिनिटांतच संपवायची सवय होती, त्यामुळे दोघांत वेळेवरून तंटा होई. लग्नाचा विषय दोन्ही घरांनी सोडून दिला होता, म्हणजे विसरूनच गेले होते. बासष्ट साली माधवने लग्न केलं ते इस्पितळातल्या एका परिचारिकेशी, शालिनीशी. ती त्याला इंजेक्शन द्यायला आली होती, आणि तो शुद्धीवर आला तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

चारूचा पहिला शोधनिबंध एकसष्ट सालीच छापून आला होता. त्याच्या शेवटी तिने इंग्रजीत आभार मानले होते : नंदकिशोरजींचे, आईच्या वेलाचे आणि श्रीमती गिरिजाबाई परांजपे यांच्या तर्जनीचे. विभागप्रमुख माथुरसाहेबांनी तर्जनीवर काट मारली. वेलावरही मारली. गिरिजाबाईंना हे कळलं तेव्हा त्या माथुरसाहेबांच्या खोलीत शिरल्या आणि बोट त्यांच्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "ये देखिए. ये नहीं होती तो आपका कॉलेज अभी तक उबाल रहा होता." साहेबांनी पुढच्या निबंधात बोट राहू दिलं.

पण प्रथिन अजून पुरतं शुद्ध झालं नव्हतं. कितीही बसवा, गाळा, माठात लोंबवा, त्याच्याबरोबर इतर प्रथिनांचा कचरा यायचाच. पासष्ट साली बाहेरच्या एका मासिकात बातमी आली की साखरेच्या साखळ्या गुंफून केलेले बारीक मणी काचेच्या नळीत भरायचे आणि वरून अर्क ओतायचा. साखर धरणारं प्रथिन मण्यांना चिकटून राहतं, बाकीचा कचरा खाली निथळून जातो, मग ग्लुकोजचं पाणी ओतलं की प्रथिन मणी सोडून ग्लुकोज धरतं आणि बाहेर येतं. हे वाचून चारूने स्वतःच्या कपाळावर वही मारून घेतली. पाकाचं बोट सहा वर्षांपूर्वी आपल्या नाकासमोर होतं! मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मीनाक्षी नावाच्या मैत्रिणीने तिला मणी पाठवले, पावडरच्या डब्यात. टपालखात्यातल्या कुणीतरी ते थोडे अंगाला लावून पाहिले असावेत, कारण डबा अर्धाच भरलेला होता.

नळी भरली. अर्क ओतला. खाली आलेल्या पाण्याने गुठळ्या होईनात, म्हणजे प्रथिन मण्यांत अडकलं! मग ग्लुकोजचं पाणी. खाली बारा लहान परीक्षानळ्यांत थेंब थेंब जमा झालेलं चारूने फरशीवर रक्तात मिसळलं.

काही नाही. दुसरी नळी, काही नाही. बारा नळ्यांपैकी एकीतही दाणा दिसेना. चारू स्टुलावर बसून रडू लागली. नंदकिशोरजींना मनातून थोडं बरं वाटलं, कारण या नव्या नळीमुळे त्यांचं यंत्र कापडाखाली गेलं होतं. पण तेही मिशा पुसू लागले.

गिरिजाबाई कोपऱ्यात शेंगा मोडत होत्या. "रडतेस का?"

"गेलं. सगळं प्रथिन गेलं. कुठेच नाहीये."

"अगं, तू त्याला ग्लुकोजने काढलंस ना? मग ते पाकातच बसलंय अजून. पाकात असलं की ते काही धरत नाही, हे तूच मला इतकी वर्षं शिकवतेयस."

चारूचं रडणं अर्ध्यात थांबलं. तिने नंदकिशोरजींकडे पाहिलं. नंदकिशोरजींनी माठ उपसायला घेतला. बाराही नमुने सेलोफेनमध्ये बांधून दोन दिवस पाण्यात लोंबले, ग्लुकोज निघून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या नमुन्याने फरशीवर असे दाणे पाडले की ते दारातून दिसत होते. ज्याला आठ वर्षं लागून अर्धवट झालं होतं, ते त्या आठवड्यात स्वच्छ, निखळ हातात आलं. सत्तर ग्रॅम बियांतून चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पांढरी भुकटी. गिरिजाबाईंनी ती पाहून विचारलं, "एवढंसंच?" आणि मग बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

सहासष्ट साली चारूला पीएच.डी. मिळाली आणि ती व्याख्याती झाली. त्याच वर्षी बापू निवृत्त होऊन आईसह राजापूरला गेले. चारूने बापूनगरात दोन खोल्या घेतल्या. महिन्याभरात गिरिजाबाई ट्रंक घेऊन दारात उभ्या. सून चांगली आहे, त्या म्हणाल्या, पण ती सारखी नाडी पाहते. इथे निदान बोटालाच काय ते टोचतील. चारूने आतली खोली त्यांना दिली.

रेशनकार्डावर नाव चढवायला दोघी कचेरीत गेल्या. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"इनसे आपका रिश्ता?"

चारूने थोडा विचार केला. "होनेवाली सास थीं."

"कब होनेवाली?"

"सात साल पहले."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "तो फिर हुईं कि नहीं?"

"नहीं हुईं."

"नाम लिखिए ना," गिरिजाबाई मधेच म्हणाल्या. "रिश्ते का बाद में देखेंगे. और शक्कर पूरी दीजिएगा, हमारे यहाँ बहुत लगती है."

कारकुनाने बराच वेळ रकाना पाहिला, आणि मग त्यात सुबक अक्षरात लिहिलं : मौसी. बाहेर पडल्यावर गिरिजाबाईंनी कार्ड उन्हात धरून ते वाचलं, घडी करून कनवटीला लावलं आणि म्हणाल्या, "चल गं, मला मावशीला भूक लागलीय."